आर्डिसने कोपरा बदलला

वेसेल्स ग्रोव्हमध्ये आर्डिस ओल्टमनचं पार्लर म्हणजे तिच्या घराला लागून असलेली, पूर्वी गाडी ठेवायची ती खोली. दोन खुर्च्या, एक ड्रायर आणि खिडकीत दोन कुंड्या. गावातल्या निम्म्या बायकांचे केस तिच्या हाताखालून जात आणि केसांबरोबर त्यांची मतंही. एखादी म्हणायची, चर्चमधला नवा पास्टर फार लांबण लावतो. आर्डिस म्हणायची, "हो ना गं." दुसरी म्हणायची, काय गोड बोलतो नवा पास्टर! आर्डिस म्हणायची, "बोलतो खरा." यात तिला लबाडी वाटत नसे. ओल्या केसांनी मान मागे टाकून पडलेल्या बाईशी वाद घालू नये, एवढंच तिला कळायचं. तिचा नवरा हार्म होता तेव्हा चिडवायचा, "आर्डिस, तुझ्या पाठीत कणा आहे की कंगवा?" ती हसून म्हणायची, "कंगव्यावरच घर चाललंय."

राजकारणातही तिचं तेच. नोव्हेंबरात मत द्यायला ती न चुकता जायची. तिथे पडदा असतो, आत कुणाच्या नावापुढे खूण केली ते हार्मलाही तिने कधी सांगितलं नाही. पण पक्षाचा उमेदवार ठरवायला जानेवारीत जी सभा भरते, त्या कॉकसला मात्र ती कधी फिरकली नव्हती. तिथे पडदा नाही की चिठ्ठी नाही. शाळेत जमायचं आणि आपल्याला अध्यक्षपदासाठी जो उमेदवार हवा, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सगळं गाव बघतं. गिऱ्हाइकं सगळ्याच कोपऱ्यांतली असताना पार्लरवालीने तिथे जावं कशाला?

त्या वर्षी मात्र ती अडकली, आणि अडकवलं लव्हॉन फ्रेरिक्सने. लव्हॉन तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिचा नवरा गावातला सर्वांत मोठा शेतकरी. नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन त्यांचंच. दर गुरुवारी सकाळी लव्हॉन केस बसवून घ्यायला यायची आणि तासभर बोलायची. या खेपेला ती सिनेटर बर्केटच्या बाजूने घरोघर फिरत होती.

"येशील ना गं कॉकसला? एकेक माणूस मोजायचाय."

"येईन की," आर्डिस रोलर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, ही बाई आता दारात गाडी घेऊन उभी राहणार.

खरं तर सिनेटर बर्केट तिला वाईट वाटत नव्हता. उंच, हसरा, आणि नोव्हेंबरात समोरच्या पक्षाला हरवेल असा. दुसऱ्या उमेदवार, गव्हर्नर लिंडेलबाईही तिला आवडायच्या. औषधांच्या किमतींबद्दल त्या बोलत तेव्हा ती टीव्हीचा आवाज मोठा करायची. पण त्या हिवाळ्यात तिच्या डोक्यात तिसराच माणूस घोळत होता, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याचं कारण तिच्या मुलीच्या घरात होतं. जोलीन गावाबाहेर, ओढ्याकाठच्या जुन्या घरात राहायची. बाळ झालं तेव्हा काउंटीच्या आरोग्य खात्याचा माणूस येऊन बोअरचं पाणी तपासून गेला. म्हणाला, यात नायट्रेट फार आहे, बाळाच्या दुधात हे पाणी घालू नका, उकळलंत तर आणखी वाईट. ते येतं कुठून, असं जोलीनने विचारलं तेव्हा त्याने खिडकीतून नुसतं खत टाकलेल्या शेताकडे पाहिलं. आजूबाजूचं सगळं शेत फ्रेरिक्सांचं. जोलीनचा नवरा केव्हिन त्यातलाच एक तुकडा खंडाने कसत होता.

"आई, कुणाला बोलू नकोस हं," जोलीन म्हणाली होती. "पुढच्या वर्षी जमीन मिळाली नाही तर आम्ही काय करायचं?"

आर्डिस बोलली नाही. दर आठवड्याला दुकानातून पाण्याचे कॅन उचलायची आणि मुलीच्या स्वयंपाकघरात ठेवून यायची.

डिसेंबरात एका दुपारी वाचनालयाच्या तळघरात ओरिन हॅस्कल नावाचा एक उमेदवार आला. आर्डिस पुस्तक परत करायला गेली होती. खाली कॉफी होती म्हणून उतरली. मूठभर माणसं बसली होती. हॅस्कलचा आवाज रटाळ, कोट खांद्यांवर सैल, आणि केस तर कुणीतरी घाईत भादरल्यासारखे. मागून एका शेतकऱ्याने विचारलं, "म्हणजे आमच्या रानात किती खत टाकायचं ते तुम्ही वॉशिंग्टनमध्ये बसून सांगणार?"

"काही बाबतीत, हो," हॅस्कल म्हणाला. "ओढ्याकडेची पट्टी मोकळी सोडायला सांगीन, म्हणजे खत पाण्यात उतरणार नाही, आणि तिचा अर्धा खर्च सरकारने द्यावा असं म्हणीन. तुम्हाला आवडणार नाही. पण तुमच्या खालच्या अंगाला कुणीतरी राहतं."

दोघे तिघे टोप्या घालून निघून गेले. आर्डिस कॉफी गार होईपर्यंत बसून राहिली.

पुढचे सगळे दिवस ती मनात तोलत राहिली. हा माणूस निवडून यायचा नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मग त्याच्या मागे उभं राहून काय साधणार? बर्केट जिंकेल, आणि जिंकलेला माणूस थोडं तरी करेल. न जिंकलेला काय करणार? पण लगेच मन म्हणे, बर्केटही गावात येऊन गेला. मक्याचं कौतुक करून गेला, पाण्याचा शब्द काढला नाही. ज्याला मत मागताना बोलायची भीती वाटते त्याला नंतर कुठून धीर येणार? आणि मग तिला स्वतःचंच हसू यायचं. धीराच्या गोष्टी कुणी कराव्यात!

कॉकसच्या संध्याकाळी लव्हॉनची गाडी दारात आलीच. शाळेच्या जेवणाच्या खोलीत गर्दी होती. बुटांवरच्या बर्फाचं पाणी फरशीवर पसरलं होतं, कुणीतरी लिंबाच्या वड्या करून आणल्या होत्या. मास्तर डर्क्स सभेचे अध्यक्ष. त्यांनी नियम वाचला: ज्या कोपऱ्यात पुरेशी माणसं जमणार नाहीत तो कोपरा मोडणार, तिथल्यांनी दुसरीकडे जायचं, पण त्याआधी अर्धा तास कुणीही कुणालाही समजावू शकतं, कुणीही जागा बदलू शकतं.

"इकडे गं," म्हणत लव्हॉनने दंडाला धरून तिला बर्केटच्या कोपऱ्यात नेलं. सर्वांत मोठा कोपरा. आर्डिसच्या ओळखीचं प्रत्येक डोकं तिथे होतं. पलीकडे लिंडेलबाईंचा कोपरा बराच भरलेला. आणि पाण्याच्या नळापाशी हॅस्कलचे लोक, वाचनालयवाली फिलिस बून आणि आणखी थोडे. मास्तरांनी मोजलं आणि जाहीर केलं, "हॅस्कल, दोन माणसं कमी."

फिलिस मध्ये येऊन उभी राहिली. तिला भाषण करता येत नव्हतं. "दोनच जण हवेत," ती म्हणाली. "पाण्याबद्दल दुसरं कुणी बोलत नाहीये, म्हणून."

"पाणी!" लव्हॉन हसली. तिचा आवाज खोलीभर जायचा. "अगं फिलिस, आम्ही जन्मभर तेच पाणी प्यायलो. मेलो का?" कोपरा हसला. "काय गं आर्डिस, मेलो का आपण?"

सगळे तिच्याकडे वळले, नेहमीच्या 'हो ना'ची वाट पाहत. आर्डिसनेही तेच म्हणायला तोंड उघडलं होतं.

"जोलीनच्या बाळाला ते पाणी देत नाहीत," ती म्हणाली. "मी कॅन नेऊन देते."

हसणं थांबलं. लव्हॉनचा चेहरा पांढरा झाला आणि मग लाल. "हे मला कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले."

तिने पर्स खांद्यावर घेतली आणि निघाली. खोली काही मोठी नव्हती, पण तिला वाटलं आपण सगळ्या गावासमोर अनवाणी चाललोय. ज्यांच्या मानेवरचे केस तिने वर्षानुवर्षं कापले ती माणसं आज तिचीच मान बघत होती. फिलिसने तिचा हात हातात घेतला आणि तिला शेजारी जागा करून दिली.

आता एकच माणूस कमी होता. अर्धा तास संपत आला. आर्डिस सगळ्या चेहऱ्यांकडे बघत राहिली. एकदोघांनी नजर खाली घातली. कुणी आलं नाही. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "माफ करा, फिलिस."

एवढं करून कोपरा मोडला. बर्केटची माणसं बोलवायला आली, "या आता, झालं गेलं." आर्डिसच्या मनात आलं, सरळ घरी जावं. पण फिलिस लिंडेलबाईंच्या माणसांशी बोलत होती: आम्ही तुमच्याकडे येतो, शेवटी पाण्याचा ठराव मांडू तेव्हा तुम्ही हात वर करायचे. त्यांनी मान डोलावली. आर्डिस फिलिसबरोबर गेली. ठराव साधाच होता, ओढ्याकडेची पट्टी मोकळी ठेवणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत. थोडक्या हातांच्या फरकाने तो पास झाला. लव्हॉनचे हात मांडीवर होते.

घरी तिला फिलिसने सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जोलीनचा फोन आला, आणि ती रडत होती.

"आई, मी सांगितलं होतं ना! निदान विचारायचंस तरी!"

"विचारायला हवं होतं," आर्डिस म्हणाली. पाणी खरं होतं, पण ते बोलायचा अधिकार आधी जोलीनचा होता. हे तिला रात्रीच कळलं होतं, आणि त्यामुळे कोपरा बदलल्याचा आनंद तिला पुरता घेता आला नाही. केव्हिन तर महिनाभर तिच्याशी तुटक बोलला.

हॅस्कलने पुढच्याच आठवड्यात माघार घेतली. टीव्हीवर तो दोन मिनिटं दिसला, त्याच सैल कोटात.

गुरुवारी लव्हॉन आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही. आणखी दोन बायका यायच्या बंद झाल्या, एक नवीन आली. आर्डिस रिकाम्या खुर्चीवर टॉवेल घडी करत बसायची. बर्फ वितळून रस्त्याकडेला चिखल झाला, तेव्हा एका गुरुवारी दार उघडून लव्हॉन आत आली आणि थेट खुर्चीत बसली. केस दुसऱ्या कुणीतरी फार आखूड केले होते. आर्डिसने ते ओले केले, रोलर लावले.

"किती निघालं होतं गं त्या बोअरमध्ये?" शेवटी लव्हॉनने विचारलं.

आर्डिसने सांगितलं.

"आमचं कधी तपासलंच नाही. ईस्टरला मुलगा सून येतायत, बाळ घेऊन." ती आरशात बघत राहिली. "पण तू मला एकटीला सांगायला हवं होतंस. सगळ्यांसमोर नाही."

"तू सगळ्यांसमोर विचारलंस."

लव्हॉनला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "आणि तो तुझा हॅस्कल. जन्मात निवडून आला नसता."

"नसता आला."

"मग?"

आर्डिसने एक सैल रोलर घट्ट केला. एवढे दिवस तोच प्रश्न ती स्वतःला विचारत होती. "तिथे गेले तेव्हा मला वाटलं, मोजताना आपलंही एक डोकं धरतात," ती म्हणाली. "त्याचं काय झालं ते वेगळं."

लव्हॉनला ते पटलं नसावं. ड्रायरखाली जाऊन बसली आणि मासिक उघडलं.

केव्हिनची जमीन त्या वर्षी गेली नाही. त्याच्याशी कुणी त्याबद्दल बोललंही नाही. वसंतात पेरणी झाली तेव्हा जोलीनच्या घरामागे, फ्रेरिक्सांच्या मक्याच्या ओळी ओढ्याच्या थोड्या अलीकडे थांबल्या होत्या आणि मधल्या पट्टीत गवत उगवत होतं. ते मुद्दाम सोडलं की यंत्र वळवताना राहिलं, हे जोलीनने विचारलं नाही. बोअरचं पाणी अजून तसंच होतं. शनिवारी आर्डिस कॅन घेऊन आली तेव्हा जोलीनने बाळ तिच्या कडेवर दिलं आणि गाडीतून उरलेले कॅन स्वतःच उतरवले.