समतोल पंखा आणि वर्षाची चटणी

माझ्या विमानानं एकदा आमची अख्खी गल्ली रडवली, आणि तेही जमिनीवरून न हलता.

रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा नाद मला लग्नाआधीपासूनचा. पंख्याची दोन्ही पाती सारख्या वजनाची नसली तर सगळं विमान थरथरतं. म्हणून पंखा बारीक सळीवर ओवून बघायचा. जे पातं खाली झुकेल ते जड. मग हलक्या पात्याला रंगाचा थेंब द्यायचा. (रंग म्हणजे बायकोची नेलपॉलिश.)

"माझा हात तरी कधी एवढ्या मायेनं धरलाय का तुम्ही?" ती म्हणाली.

मी श्वास रोखून होतो. पंखा अगदी आडवा थांबला होता.

चाचणीला गच्चीवर गेलो. तिथं आईनं डंकावरून कुटून आणलेली वर्षभराची कांदा-लसूण चटणी जुन्या साडीवर गार करायला पसरली होती.

"चटणीला कायबी झालं, तर ह्ये विमान भंगारात जाईल," एवढं बजावून ती खाली गेली.

मी पडलो शहाणा! सुटलंच तर चटणीत घुसू नये, म्हणून विमानाचं तोंड बरोबर उलट्या बाजूला केलं, शेपूट चटणीकडं. दोरीनं खांबाला बांधलं आणि रिमोटचा खटका पुढं ढकलला. पंखा असा फिरला की थरथर म्हणून नाही. भारावून मी वेग आणखी वाढवला. पंखा वारा मागं फेकतो हे मला ठाऊक होतं. आठवलं ते नाकात झणझणल्यावर.

"कुणाची फोडणी जळली रं?" खालून अण्णा, म्हणजे वडील, ओरडले.

"अवो, दारं लावा की!" शेजारच्या काकू शिंकत होत्या.

डोळे उघडेनात, खटका सापडेना. शेवटी वर धावत आलेल्या बायकोनंच रिमोट हिसकावून पंखा बंद केला. साडीवर मूठभर चटणी उरली होती.

आई नाकाला पदर लावून वर आली.

"टाकतीस भंगारात?" मी विचारलं.

"नगं. नवी चटणी तू कर. जमली तर ऱ्हाईल ते."

मी मिरच्यांची देठं खुडली, खोबरं भाजलं, डंकावर रांगेत उभा राहिलो. मीठ तेवढं अंदाजानं टाकलं. चटणी अशी खारट झाली की अण्णा घासागणिक पाणी प्यायचे. आईनं मात्र ती टाकू दिली नाही, आणि विमानही. रोज माझ्या भाकरीवर चमचाभर जास्तच वाढायची. "खा लेका. विमान वाचलंय की तुझं."

आता आई नाही, चटणी विकतची येते. मीठ अगदी बेताचं असतं. बायकोची पाठ फिरली, की मी वरून चिमूटभर टाकून घेतो.