दारोदार मुंग्या मागणारी

माझ्या वहिनीला आमच्या भागात आता 'मुंग्यावाली' म्हणतात. माझ्यासमोर कुणी म्हणत नाही, कारण माझ्या तोंडाला सगळे टरकून आहेत. पण माझं झेरॉक्सचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत, त्यामुळे कोण कुठे काय बोललं ते आपसूक कानावर येतं. म्हटलं, लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच काय ते नीट सांगावं.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ती या घरात आली ती नवऱ्याबरोबर एक कायमची नणंद पदरात घेऊनच. मी तिला सुखासुखी जगू दिलं असं काही मी म्हणणार नाही. भांडी अशी का लावलीस, पडदे आज का धुतलेस, दिवसभर माझा पट्टा चालूच. ती सगळं ऐकून घ्यायची आणि तिला हवं तेच करायची. आधी ती बटणांच्या कारखान्यात खराब बटणं निवडून काढायची. कारखाना बंद पडला तशी ती जखमी प्राण्यांच्या केंद्रात पिंजरे धुवायला लागली. तिथे गाडीखाली आलेली कुत्री, तारेत अडकलेल्या घारी, पाय मोडलेलं एखादं माकड. घरी यायची ती फिनेलचा वास घेऊन. मी नाक मुरडलं की म्हणायची, "ताई, आधी हात धुते, मग बोला."

एके दिवशी बसच्या तपासणीत एका प्रवाशाच्या बॅगेत खवल्या मांजर सापडलं. माणूस पळाला, बॅग केंद्रात आली. नावात मांजर असलं तरी मांजराशी त्याचा काडीचा संबंध नाही. नाकापासून शेपटीपर्यंत खवले, तोंडात एकही दात नाही, आणि भ्यालं की स्वतःचा गोळा करून बसतं. वाघाचेसुद्धा दात त्या गोळ्यावर चालत नाहीत म्हणे. ही मादी होती, शेपटी तारेनं कापलेली. केंद्रातले डॉक्टर म्हणाले, या भागातल्या जंगलातून ही जात जवळजवळ संपली, खवल्यांचं औषध होतं या खुळापायी लोकांनी संपवली. आणि त्या खवल्यांत काय असतं? जे आपल्या नखांत असतं तेच. मग बसा की आपापली नखं कुरतडत. गरीब जनावराच्या मागे कशाला लागता?

तिनं डॉक्टरांच्या हातून काही खाल्लं नाही. अंडं दिलं, मुंग्यांची पेस्ट दिली, दुधात कालवून दिलं. बशीकडे ती बघेचना. दुधानं पोट मात्र बिघडलं. शेवटी वहिनी पिंजरा धूत असताना ती उठली आणि पुढच्या नख्या आत दुमडून, एखाद्या संकोची पाहुण्यासारखी, वहिनीच्या मागोमाग चालत बाहेर आली. कुंपणापाशी तिनं माती उकरली, लांबच लांब जीभ आत घातली आणि खाल्लं. तेव्हापासून वहिनीचं काम बदललं. रोज दुपार कलली की तिला केंद्रामागच्या माळरानावर फिरवायला न्यायची. एका वारुळाला ती थोडंसंच तोंड लावते, मुंग्या चावायला लागल्या की पुढचं वारूळ शोधते. म्हणजे जागा भरपूर लागते. वहिनी तिला नाव ठेवेना. "ही आज बरी जेवली," एवढंच घरी येऊन सांगायची. दादा म्हणायचा, "लोकांच्या बायका मुंग्या मारतात, माझी मुंग्या वाढते." आम्ही हसायचो. वहिनीही हसायची.

मग ते माळरान सपाट करून तिथे फरशा बसवल्या, गाड्या लावायला. पलीकडे नव्या इमारती झाल्या. तिथल्या लोकांना मुंग्या चावतात म्हणून कुंपणाच्या कडेकडेनं औषध फवारलं. फवारलेली मुंगी पोटात गेली तर ही मेलीच म्हणून समजा. वहिनी तिला घेऊन कुठे जाणार? ओट्यावरच्या साखरेच्या मुंग्या मी स्वतः कागदावर गोळा करून दिल्या, तर राणीसरकारांनी वास घेतला आणि तोंड फिरवलं. बघता बघता खवल्यांखाली नुसती हाडं लागायला लागली. दूरच्या राखीव जंगलानं तिला घ्यायचं कबूल केलं होतं. तिथे तिच्या जातीचा एक नर होता. पण डॉक्टरांनी हात टेकले. म्हणाले, "या अवस्थेत प्रवास झेपणार नाही तिला. आधी पोटात काहीतरी जायला हवं, आणि ते लवकर."

मग वहिनी दारोदार निघाली. जन्मात कधी शेजारणीकडे वाटीभर साखर मागितली नव्हती तिनं, ती आता मुंग्या मागायला लागली. ही एकटी काय बोलणार म्हणून दुकान बंद करून मीही गेले.

पहिल्याच घरी बाई ताठ मानेनं म्हणाली, "आमच्याकडे औषधालासुद्धा मुंगी सापडायची नाही."

"मग कुठे सापडेल?" वहिनीनं विचारलं.

एकाला वाटलं आम्ही पावडर विकायला आलोय. "नको, नको, आमचं वर्षाचं कंत्राट आहे," म्हणून त्यानं दार लावून घेतलं. शाळेच्या मैदानावर वारुळं होती, पण शिपाई म्हणाला कालच फवारणी झाली. नर्सरीवाल्यानं तर कुंडी उलटी करून दाखवली, बघा, माती किती स्वच्छ. मला असा संताप आला. सगळ्या गावानं मिळून एका जिवाचं ताट पुसून ठेवलं होतं, आणि जो तो त्याचीच फुशारकी मारत होता.

डॉक्टरांनी बजावलं होतं की प्राण्याबद्दल बाहेर बोलायचं नाही. मीही तिला टोकलं, "वहिनी, कशासाठी हव्यात ते सांगत सुटू नकोस."

ती म्हणाली, "ताई, कारण न सांगता मुंग्या कोण देईल? वेडी समजून दार लावतात. सांगितलं की निदान ऐकून तरी घेतात." तिनं सांगितलं, दारोदार सांगितलं, आपला नंबरही दिला. माझ्या दुकानात लोक कागद द्यायचे सोडून विचारायला लागले, काय हो, ते खवल्या मांजर जगेल ना?

आणि फोन आला. माणूस मोठा अदबीचा. "मावशी, बर्फाचा जुना कारखाना आमच्या साहेबांनी घेतलाय. आवारात वारुळंच वारुळं आहेत. कुणी कधी फवारलेलं नाही. घेऊन या तुमच्या लेकराला." वहिनीनं फोन ठेवला आणि ती तडक केंद्राकडे निघाली, मागोमाग मी. डॉक्टर एका कुत्र्याच्या ऑपरेशनमध्ये होते. त्यांनी आतूनच सांगितलं, जा, उशीर करू नका. केंद्राचा टेम्पो आम्हाला पिंजऱ्यासकट कारखान्याच्या फाटकाशी सोडून औषधं आणायला गेला.

माणूस खोटं बोलला नव्हता. भिंतीच्या कडेनं गवतात वारुळंच होती. पिंजऱ्याचं दार उघडलं तर आधी ती हलेना. मग नाक वर करून तिनं हवा हुंगली, लडखडत निघाली आणि पहिलंच वारूळ उकरायला लागली. तिथून दुसरं, तिथून तिसरं. इतकं खाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वहिनीनं माझा हात घट्ट धरला. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींचा हात असा धरला नव्हता. ती रडत होती आणि मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

तो माणूस स्वच्छ शर्टातला, हसतमुख. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. वहिनीला विचारू लागला, वजन किती असेल, चावते का, अंगावर धावते का. वहिनी कौतुकानं सांगत होती, अहो, काही करत नाही, गरीब आहे बिचारी. मला त्याच्या प्रश्नांचा राग येत होता, पण मला तर सगळ्यांचाच राग येतो.

शेडमागून एक गाडी आली. त्यातून दुसरा माणूस पोतं घेऊन उतरला आणि सरळ तिच्याकडे चालत गेला. ती दचकली आणि तिनं स्वतःचा गोळा केला. वाघ आला असता तर वाचली असती. या माणसानं तिला नुसतं कलिंगडासारखं उचललं आणि पोत्यात टाकलं. स्वच्छ शर्टवाला घाईसुद्धा न करता गाडीत जाऊन बसला.

मी खुर्ची घेऊन धावले. तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या, त्यांच्या सात पिढ्या काढल्या, दगड मारला, तो लागलाही नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि वहिनी तिच्यामागे धावली. साठीला आलेली बाई, एक चप्पल तिथेच राहिली. मला वाटलं, ती चोर चोर ओरडेल, लोकांना हाका मारेल.

"बशीतलं खात नाही ती," वहिनी ओरडत होती. "तिला फिरवावं लागतं. दूध देऊ नका, दूध सोसत नाही तिला. फवारलेल्या मुंग्या देऊ नका."

मी मागून ओरडले, अगं ते तिला पाळायला नेत नाहीयेत. हे मी तिला सांगायची गरज नव्हती. केंद्रात पिंजरे धुताना तिनं डॉक्टरांकडून ऐकलं होतं, खवले कसे काढतात ते. तरी वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत ती सांगत राहिली, एकेक गोष्ट, पुन्हा पुन्हा.

मी गाठलं तेव्हा ती रस्त्याच्या मधोमध उभी होती. धाप लागलेली, एक पाय रक्तानं माखलेला. माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "काच खाली होती ना ताई? ऐकू गेलं असेल ना त्यांना?"

मी हो म्हणाले.