सेफ्टी ऑफिसरचा एअर फ्रायर

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी सव्वीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो आणि त्या सव्वीस वर्षांत आमच्या प्लांटमध्ये एकदाही आग लागली नाही. रिटायर झालो आणि दोन महिन्यांत घरी लावली. (समोरच्या तावडे वहिनी 'आग'च म्हणतात. आग नव्हती, धूर होता. फरक आहे. पण ऐकतंय कोण!)

त्याचं असं झालं. आमचा एकुलता एक मुलगा निनाद बोटीवर कुक आहे. बोट म्हणजे चांगली बारा मजली, परदेशी पाहुण्यांना घेऊन फिरणारी. बारावीनंतर त्याने हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढलं तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. "पोळ्या लाटायला शिकायचं आणि त्याची वर फी भरायची? इंजिनिअर हो, माझ्या कंपनीत चिकटवतो!" हे मी बदलापूरच्या आमच्या तीन मजली बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. निनाद भांडला नाही. दुसऱ्या दिवशी गुपचूप फॉर्म भरून आला. तेव्हापासून सात वर्षं आम्हा बापलेकांचं फोनवरचं बोलणं ठरलेलं.

"जेवलास का?"

"हो."

"तब्येत?"

"बरी आहे."

"मम्मीला देतो."

संपलं! आपलं चुकलं हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. पण बापाने मुलाला सॉरी कसं म्हणायचं, याचं ट्रेनिंग कुठल्याच कंपनीत देत नाहीत. म्हणून गेल्या वर्षी तो नऊ महिन्यांनी घरी येणार असं कळलं तेव्हा मी ठरवलं, तोंडाने जमत नाही ना, मग ताटाने बोलू. पोराच्या आवडीचं काहीतरी स्वतःच्या हाताने करून घालायचं.

आता त्याची आवड मला कुठून माहीत असणार? मी त्याचं व्हॉट्सअॅप स्टेटस उघडलं. एक फोटो सापडला. पांढरा कोट, उंच टोपी, हातात ट्रे, ट्रेमध्ये बोटाएवढं, तपकिरी, चकचकीत असं काहीतरी ओळीने मांडलेलं. आणि निनाद असा हसत होता की मला क्षणभर तो दुसऱ्याच कुणाचा मुलगा वाटला. खाली लिहिलं होतं, 'माय बेबीज'. मी फोनलाच विचारलं, हे काय आहे? फोन म्हणाला, बेकनमध्ये गुंडाळलेले सॉसेज.

"पोराचा जीव आहे या पदार्थावर," मी सुनंदाला, म्हणजे बायकोला सांगितलं.

"कोण म्हणालं?"

"अगं, फोटो बघ. कसा हसतोय!"

"फोटोत सगळेच हसतात. आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्हीसुद्धा हसताय."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मग तिने विचारलं, "ते बेकन म्हणजे डुकराचं ना?"

"हो. सॉसेजपण."

"माझ्या एकाही भांड्यात शिजवायचं नाही. सांगून ठेवते."

भांडंच नको असेल तर? मी तडक उल्हासनगर गाठलं. दुकानदार सिंधी, वयाने माझ्याएवढाच, अतिशय प्रेमळ माणूस. त्याने काळा, अंड्याच्या आकाराचा एक डबा माझ्यापुढे ठेवला.

"ये लो साईं, एअर फ्रायर. तेल नहीं, गॅस नहीं, टेन्शन नहीं. हवा में पकता है."

"हवेत? नुसत्या?"

"गरम हवा, साईं! माझी मिसेस यात पापड भाजते. पण घरी जाऊन आधी बुक वाचायचं, हां?"

"अहो, मी सेफ्टी ऑफिसर आहे!" मी म्हणालो. (ते बुक अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद आहे.)

तिथल्याच एका कोल्ड स्टोरेजमधून सॉसेज आणि बेकनचं पाकीट घेतलं.

तो दिवस उजाडला. सुनंदा पहाटे उठून गावठी कोंबडीचा रस्सा करून बसली होती. नऊ महिने पोरासाठी ती या एका पातेल्याची वाट बघत होती, असं म्हटलं तरी चालेल. मग ती तिच्या भावाच्या गाडीतून निनादला आणायला विमानतळावर निघाली. "घरी कुणीतरी पाहिजे ना," असं म्हणून मी मागे राहिलो. दारातून तिने बजावलं, "रश्श्याचं झाकण काढायचं नाही!"

ती जिना उतरायच्या आत मी झाकण काढलं. एकच तुकडा खाल्ला. बरं, दोन. आणि मग हात बरबटलेले म्हणून झाकण तसंच बाजूला ठेवून दिलं.

विमानतळावरून निघून ते बदलापूरजवळ आल्याचा सुनंदाचा फोन आला, तेव्हा गरमागरम वाढायचं म्हणून माझ्या कामाला लागलो. बेकनच्या पट्ट्या पाकिटात एकावर एक रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीला चिकटून काचेसारखा पातळ, पारदर्शक कागद होता. मला कंपनीचं कौतुकच वाटलं. पट्टी फाटू नये म्हणून किती विचार केलाय बघा! त्या कागदासकट मी एकेक पट्टी सॉसेजभोवती घट्ट गुंडाळली. सुटू नये म्हणून टूथपिक टोचायची होती, पण घरात टूथपिक निघाल्या चार आणि सॉसेज होते बारा. मग उदबत्तीचा नवा पुडा फोडला, उदबत्त्यांच्या मागच्या कोऱ्या काड्या तोडल्या आणि त्या टोचल्या. काही काड्यांना थोडा मसाला चिकटलेला होता. त्याने काय होतंय!

तापमानाचा प्रश्न आला. मी फोनवर रेसिपीचा व्हिडिओ लावला. त्यातली गोरी बाई म्हणाली, "थ्री नाइन्टी, टेन मिनिट्स." माझ्या मशीनवर दोनशेच्या पुढे आकडाच नाही! सव्वीस वर्षं रिअॅक्टरच्या मीटरसमोर काढलेला माणूस मी, पण फॅरनहाइट नावाचंही काही जगात असतं, हे त्या क्षणी पार विसरलो. (तिचे तीनशे नव्वद म्हणजेच माझे दोनशे.) सरळ हिशेब मांडला. तापमान निम्मं, तर वेळ दुप्पट. दोनशेवर वीस मिनिटं लावली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन स्वागताचं छोटं भाषण पाठ करत बसलो. 'निनाद, त्या वेळी मी जे बोललो ते...' याच्या पुढे गाडी जात नव्हती.

दहाव्या मिनिटाला बेल वाजली. दारात तावडे वहिनी.

"भाऊ, घरी पूजा-बिजा आहे का?"

"नाही. का हो?"

"मोगऱ्याचा वास येतोय." त्यांनी नाक वर केलं. "आणि टायर जळल्याचापण."

मी वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारातून करड्या रंगाचा एक जाड पट्टा छताला घासत सावकाश माझ्याकडे येत होता.

आणि मग माझ्या अंगातला सेफ्टी ऑफिसर जागा झाला. त्याला झोपलेलाच राहू द्यायला हवा होता! मी जिन्यात धावलो आणि ओरडलो, "सगळ्यांनी बाहेर पडा! पळू नका! चाला! पार्किंगमध्ये असेंब्ली पॉइंट!" दारं धडाधड उघडली. कुणी गॅसवरचं दूध टाकून, कुणी अर्धी दाढी झालेली, कुणी टॉवेलवर, अशी सगळी बिल्डिंग खाली निघाली. लोक पळतच होते, तेव्हा मी पुन्हा ओरडलो, "चाला म्हणतोय ना!" त्यावर लोक आणखी जोरात पळाले.

जिन्यात आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून तो मीच बसवून घेतला होता. पाच वर्षं मी रोज जाता-येता त्याच्याकडे बघायचो आणि मनात म्हणायचो, येईल, तुझीही वेळ येईल. आज आली! मी तो उतरवला आणि घरात घुसलो.

आतून तावडे वहिनींचा आवाज आला, "भाऊ, मी प्लग काढला—"

पिन ओढा, नळी रोखा, दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. हजारो कामगारांना हे मी शिकवलंय. त्या दिवशी यातली एकही पायरी चुकली नाही. फक्त विझवायला आग नव्हती. खिडकीतून धूर निघून जात होता, मशीन बंद पडलेलं होतं, आणि ओट्यासमोर तावडे वहिनी हातात प्लग धरून उभ्या होत्या. पावडरचा ढग बसला तेव्हा त्या केसांपासून चपलांपर्यंत पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. नुसते डोळे तेवढे काळे, आणि ते माझ्यावर रोखलेले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

मग माझी नजर गॅसकडे गेली. झाकण नसलेल्या पातेल्याकडे. रश्श्यावर साईसारखा जाड पांढरा थर बसला होता.

तेवढ्यात खाली गाडीचा हॉर्न वाजला. पार्किंगमध्ये अख्खी बिल्डिंग ओळीने उभी असलेली बघून सुनंदा गाडीतूनच म्हणाली म्हणे, "अगंबाई! सगळे निनादच्या स्वागताला आले!" तिचे डोळे भरूनही आले. तेवढ्यात जिन्यातून तावडे वहिनी उतरल्या आणि त्यांच्यामागून मी. दोघेही पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. निनादच्या हातातली बॅग तशीच राहिली.

"पप्पा?"

नऊ महिन्यांनी पोरगा समोर उभा होता. पाठ केलेलं भाषण, सात वर्षांचं साठलेलं, सगळं गळ्यापर्यंत आलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जेवलास का?"

वर आलो. सुनंदाने सगळं स्वयंपाकघर एकदा बघून घेतलं. भिंती, डबे, पंखा. मग पातेलं.

"झाकण कुणी काढलं?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली, पदराला हात पुसले आणि हळू म्हणाली, "जाऊ दे. परत करीन." त्या 'जाऊ दे'ने मला जेवढी शरम वाटली तेवढी तो धूर बघूनही वाटली नव्हती.

निनादने मशीनचा खण ओढला. आत बारा काळ्या कांड्या, काड्यांची टोकं जळालेली, आणि सगळ्यांवर वितळून बसलेलं काहीतरी चकाकत होतं.

"पप्पा, हे बेकन आहे?"

"तुला आवडतं ना," मी म्हणालो. "तुझ्या फोटोत होतं. किती हसत होतास!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पप्पा, रोज सकाळी मी हे चारशे गुंडाळतो. नऊ महिने! साबणाने तीनदा धुतले तरी हाताचा वास जात नाही. तो फोटो शिफ्टच्या शेवटच्या ट्रेचा आहे. सुटलो म्हणून हसत होतो."

"आणि 'माय बेबीज'?"

"पोरं जशी झोपू देत नाहीत ना, तसे!"

मग त्याने एक कांडी उचलली, नखाने वितळलेला पापुद्रा सोलून काढला आणि विचारलं, "हा मधला प्लॅस्टिकचा कागद नाही काढलात?"

"मला वाटलं, तो त्यांनी पट्टी फाटू नये म्हणून लावलाय."

आधी त्याचे खांदे हलले. मग तो खाली फरशीवर, त्या पावडरमध्येच बसला आणि पोट धरून हसायला लागला. सुनंदाही हसली. दारातल्या तावडे वहिनीसुद्धा हसल्या आणि त्यांच्या अंगावरून पावडर उडाली. फोटोतल्यापेक्षा हे हसणं कितीतरी मोठं होतं. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"निनाद, ते पोळ्या लाटायचं मी जे बोललो होतो... ते चुकलंच माझं."

"कधी बोलला होतात?"

"सात वर्षांपूर्वी."

त्याने नाक पुसलं. मग उठून माझ्या खांद्यावरची पावडर दोनदा झटकली आणि म्हणाला, "ओट्याला हात लावू नका. पुसायचाय."

आणि त्याने बाह्या सरसावल्या. काय सांगू, त्या पोराचं काम बघत राहावं! रस्सा टाकून दिला, उघडं होतं ते सगळं फेकलं, ओटा तीनदा पुसला, भांडी पुन्हा घासली. एका तासात स्वयंपाकघर लखलखीत. सुनंदा म्हणाली, "अरे, तू नऊ महिने शिजवतोयस, आता बस. मी पिठलं टाकते."

"मम्मी, चारशे लोकांसाठी शिजवलं. तुझ्यासाठी एकदाही नाही. तूच बस."

मग तो माझ्याकडे वळला. लसणाचे दोन गड्डे माझ्या हातात दिले, बाहेर पेपर पसरून बसवलं आणि बोटीवरच्या थाटात म्हणाला, "सोला. दहा मिनिटं."

मी मान खाली घालून कामाला लागलो. वीस मिनिटांनी तो बघायला आला. माझ्यापुढे सात पाकळ्या होत्या, त्यातल्या चार चिरडलेल्या, आणि सालं मात्र पंख्याच्या वाऱ्याने पार घरभर पसरली होती. त्याने एक पाकळी उचलून उजेडात धरली, परत खाली ठेवली आणि अतिशय आदराने म्हणाला, "पप्पा, तुम्ही दमलात. टीव्ही लावून देऊ का?"

रिटायर झाल्यानंतरची माझी ती पहिली नोकरी. वीस मिनिटं टिकली.