डाव्या हाताची करवत

घरीच सुतारकाम शिकायचं भुजंगच्या मनानं घेतलं, पण नवी करवत परवडत नव्हती. गंगाखेडच्या बाजारात भिवराबाई जुनी करवत विकायला बसली होती. तिचा सुतार नवरा निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत घरातून गेला तो परतलाच नाही. पातं चांगलं होतं, पण मूठ त्याच्या डाव्या हातानं झिजलेली, म्हणून स्वस्त. भुजंगच्या उजव्या हातात ती मेली बसेना, काप वाकडाच जाई. वैतागून त्यानं हात बदलला आणि काप सरळ गेला. मग तो डाव्या हातानंच कापू लागला.

वर्षभरानं भिवराबाई बसायचा पाट करून घ्यायला आली. भुजंग पाठमोरा बसून फळी कापत होता. ती दारातच थबकली. डोक्यावर पदर ओढून हळूच म्हणाली, "जेवायला चला की, लय येळ झाला."