डबलसीटची खाच

आमच्या घरात कोणी कोणाला थेट काही विचारत नाही. विचारलंच तर उत्तर असं मिळतं की पुढचा प्रश्न विचारायची सोय राहत नाही. बाहेरच्यांना हा सभ्यपणा वाटतो. मला बरीच वर्षं तो सोयीचाही वाटला, कारण मी मुळातच कमी बोलणारी.

म्हणून बाबांनी आईला तिचं वजन विचारलं तेव्हा मी लॅपटॉपवरून मान वर केली.

"अगं, तुझं वजन किती धरू?" त्यांच्या हातात मोजपट्टी होती आणि कानावर पेन्सिल.

"पासष्ट धरा," आई म्हणाली. "आणि मुलीसमोर बायकोचं वजन विचारू नये, एवढं बोटीवर शिकवलं नाही वाटतं."

"बोटीवर फक्त मालाचं वजन विचारतात."

"मग मालच समजा. पासष्ट."

पासष्ट हे तिचं आजारापूर्वीचं वजन. इथे सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलात दर खेपेला नर्स तिला काट्यावर उभी करायची आणि आकडा वाचून म्हणायची, "आंटी, ड्रॉप अगेन लाह. मस्ट ईट मोर." बाबा नेमके त्याच वेळी पाण्याची बाटली भरायला गेलेले असायचे. मी शेजारीच उभी असायचे. तो आकडा मला माहीत होता, आईला माहीत होता, आणि बाटली भरायला इतका वेळ लागत नाही हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

वजन हवं होतं ते मोटरसायकलसाठी.

बाबा बोटीवर चीफ इंजिनिअर. सिंगापूरला घर केलं ते बंदरासाठी. तरी वर्षातला निम्मा काळ ते समुद्रावर आणि निम्मा घरी. घरी असले की दोघं दोनशे सीसीच्या जुन्या गाडीवर बसून पूर्वेच्या किनाऱ्यावर जायचे. तिथे पाण्यात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. कुठलं भरलेलं, कुठलं रिकामं, हे बाबा पाण्याच्या रेषेवरून सांगायचे आणि आई थर्मासमधला चहा ओतायची. मी लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर बसने गेले होते. मला ते फार कंटाळवाणं वाटलं. दोघं तासभर जहाजांकडे बघत बसले आणि त्यात फारसं काही बोललेही नाहीत.

मग आईला रक्ताचा एक आजार निघाला, जो हाडांत उतरतो. मणके ठिसूळ होत चालले होते. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं आणि म्हणाले, जड उचलू नका, पाठीला दणका बसू देऊ नका. मग सहज विचारलं, तुम्ही येता कसे?

"बाय रोड," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पुढचं पान उघडलं. लिफ्टमध्ये बाबा मराठीत म्हणाले, "दणका नको म्हणाले. बाईक नको, असं कोणी म्हणालं का?"

"मुळीच नाही," आई म्हणाली.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मजल्यांचे आकडे बघत राहिले.

मी नंतर आईला म्हटलं, टॅक्सीने जा ना, मी बुक करून देते. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "टॅक्सीत मी पेशंट असते गं. मागच्या सीटवर पिशवी घेऊन बसलेली. यांच्या मागे बसले की मी बायको असते." मग तिने मला टॉवेलचं दुसरं टोक धरायला दिलं, म्हणजे विषय संपला.

प्रश्न फक्त दणक्याचा होता, आणि दणका हा बाबांच्या हातातला विषय होता.

त्यांनी उबी भागातल्या एका दुकानातून मागचे दोन नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणले. पुढच्या फोर्कचं तेल काढलं, ते काळं आणि पातळ झालं होतं. नवं, जरा घट्ट तेल घातलं, आतल्या स्प्रिंगा बदलल्या. हे सगळं आमच्या ब्लॉकशेजारच्या बहुमजली कारपार्कमध्ये, रविवारी सकाळी, पुठ्ठा अंथरून. आई प्लास्टिकच्या स्टुलावर पाठीला उशी लावून बसली होती.

मला दोन वर्षांपूर्वी लायसन्स मिळालं होतं. हेल्मेट घातलं की कोणी तोंडाकडे बघत नाही, हे त्यामागचं एक कारण. त्यामुळे बाबा मला समजावून सांगत होते.

"गाडी रिकामी असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत मोजायचं. मग मी बसायचं, परत मोजायचं. मग मागे माणूस बसवायचं. प्रत्येक वेळी गाडी किती खाली बसते ते बघायचं. जहाजात माल चढला की ते किती बुडतं, तसंच. फार बुडालं तर स्प्रिंग घट्ट करायची, कमी बुडालं तर सैल."

स्प्रिंगच्या खाली खाचा असलेलं एक कडं होतं. आकडीसारख्या पान्याने ते फिरवलं की स्प्रिंग एकेक खाच घट्ट व्हायची.

"आणि ही रिंग." शॉकच्या चकचकीत दांड्यावर एक काळी रबरी रिंग होती. "चालवायच्या आधी ती वर सरकवायची. स्प्रिंग जेवढी दबेल तेवढी ती खाली ढकलली जाते आणि तिथेच राहते. घरी आल्यावर बघायचं. आपण काय सांगतो त्याला अर्थ नाही, रिंग खरं सांगते."

"बरं झालं, माणसांना नसते," आई म्हणाली.

मोजायला मागे आई बसेल असं मला वाटलं होतं. पण बाबा मला म्हणाले, "तू बस. तू साधारण तेवढीच आहेस." मी आईकडे पाहिलं. तिने सलवारीवरचा नसलेला धागा झटकला. मी चढून बसले. पासष्टला मी थोडीच कमी होते. बाबांनी मोजलं, दोन खाचा घट्ट केल्या, पुन्हा मोजलं. मग मला मागे घेऊन बुकित तिमाह रोडवरून एक फेरी मारून आले. गाडी खरोखरच बदलली होती. रस्त्यातले जोड, झाकणं, खड्डे सगळे खाली राहिल्यासारखे वाटत होते. परत आल्यावर रिंग दांड्याच्या बरोबर मधे होती. "वा," बाबा म्हणाले. ते फार क्वचित वा म्हणतात.

मंगळवारी आईला मागे बसवून ते नोव्हेनाला गेले. मी वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसला गेले. संध्याकाळी आईला विचारलं, कशी वाटली.

"लोण्यासारखी," ती म्हणाली. जेवणापर्यंत ती आडवीच होती.

कचरा टाकायला गेले तेव्हा मी कारपार्कमध्ये वळले. रिंग वरच्या बाजूला होती, जेमतेम हललेली. स्प्रिंग पासष्टला लावलेली आणि मागे बसलेली बाई त्याहून कितीतरी कमी. स्प्रिंग दबलीच नव्हती. रस्त्याने दिलेला प्रत्येक धक्का सरळ सीटमध्ये गेला होता. बाबा आधीच येऊन गेलेले असणार, कारण आकडीचा पाना गाडीखालच्या पुठ्ठ्यावर पडला होता आणि कडं एक खाच सैल झालेलं होतं.

मी वर घरी गेले. आईने भाजी वाढली.

पुढच्या खेपेलाही तेच. ते जाऊन यायचे, आई म्हणायची छान, रिंग वरच अडकलेली असायची, आणि दुसऱ्या दिवशी कडं आणखी एक खाच सैल. हॉस्पिटलातला काटा जे सांगायचा तेच ती रिंग सांगत होती. बाबांना आता बाटली भरायला जायची गरज नव्हती, पण ते जात राहिले.

शेवटी कडं सगळ्यात खालच्या, सगळ्यात सैल खाचेवर आलं. आई म्हणाली, "आज खरंच मऊ आहे." तिने तो "खरंच" उच्चारला आणि बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. त्या रविवारी दोघं किनाऱ्यावर जाऊन आले. रिंग खाली आलेली होती, चांगली निम्म्याच्या पुढे. बाबांनी जेवताना आमटी दोनदा मागून घेतली.

त्यांची चूक काय झाली हे मी नंतर कितीदा तरी मनात मांडून पाहिलं. त्यांनी गाडी जहाजासारखी वाचली. माल किती, बुडाली किती, रेषा कुठे. पण पाण्यावरचं जहाज उभं असताना मोजतात, आणि समुद्रात हम्प नसतात. मऊ स्प्रिंग सपाट रस्त्यावर सुख देते. मोठा धक्का आला तर तिच्यात दबायला जागाच उरत नाही, ती तळाला टेकते.

आमच्या कारपार्कमध्ये, बाहेर पडायच्या उतारावर एक हम्प आहे. पिवळा-काळा, सगळ्या कारपार्कांत असतो तसा. त्या मंगळवारी मी घरून काम करणार होते म्हणून त्यांना सोडायला खाली गेले होते. बाबा नेहमीप्रमाणे हळू होते. पुढचं चाक गेलं. मागचं चाक खाली उतरलं तेव्हा टण्ण असा लोखंडी आवाज आला आणि आईचं हेल्मेट बाबांच्या हेल्मेटवर आपटलं. ती ओरडली नाही. फक्त तिचा हात बाबांच्या खांद्यावरून उठला आणि हवेत तसाच राहिला, जणू वर्गात कोणी बोलायची परवानगी मागतंय.

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती गाडीवरच बसून होती, कारण तिला उतरता येत नव्हतं. बाबा पुढून गाडी दोन्ही पाय टेकवून धरून होते. मी मागून तिच्या कमरेला हात लावला होता. शेजारचे एक अंकल बाजूने कार काढताना हळूच काच खाली करून "ओके ऑर नॉट?" विचारून गेले.

"शिंक आली," आई म्हणाली. "अहो, ऐकलंत का? मला शिंक आली. हम्प नव्हता."

"हो," बाबा म्हणाले.

एक मणका चेपला होता. डॉक्टर म्हणाले की या अवस्थेत तो खोकल्यानेही चेपला असता. आई लगेच म्हणाली, "स्नीझ, डॉक्टर. इट वॉज स्नीझ." पुण्याहून फोन आले, त्यांनाही शिंकच सांगितली. पुढे ती आमची अधिकृत हकीकत झाली. मावशी हळहळून म्हणाली, साध्या शिंकेने बघा. बाबा फोन स्पीकरवर ठेवून तांदूळ निवडत होते. इथल्या पाकिटातल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं.

त्या दिवशी रिंग तळाला टेकली होती. मी पाहिली. मी बघत असताना बाबांनी खाली वाकून ती अंगठ्याने वर सरकवली आणि गाडीवर कव्हर घातलं.

आई पुन्हा गाडीवर बसली नाही. चिनी नववर्षाच्या सुट्टीत ती गेली. लिफ्टजवळ लाल कंदील लावलेले होते आणि भेटायला येणारे लोक त्यांच्याखालून वाकून येत होते.

बाबांना बोटीवर परत जायचं होतं. गाडी माझ्याकडे राहणार होती. निघायच्या आधीच्या रविवारी त्यांनी कव्हर काढलं, हवा भरली, बॅटरी बदलली. मला वाटलं, आता मला दाखवतील कशी लावायची. पण त्यांनी हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "तू चालव. मी मागे बसतो."

ते मागे कधीच बसलेले नव्हते. पाय ठेवायच्या जागा त्यांना आधी सापडल्याच नाहीत.

"खाचेला हात लावू नकोस. आहे तशीच. हम्पवरून घे, मी घेतला होता तेवढाच हळू." मग थोड्या वेळाने, "मी तिच्यापेक्षा जड आहे. जरा जास्त लागेल. ते मी वजा धरीन."

मला नाही म्हणता आलं असतं. मी गाडी सुरू केली. उतारावर ब्रेक धरून आणली, पुढचं चाक पार झालं. मग मागचं उतरलं आणि तोच आवाज आला, टण्ण, आणि त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळलं. माझ्या दातांत कळ गेली. मी बाजूला घेऊन गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मागे ते श्वास घेत होते, आणि तो बाहेर सोडायला त्यांना वेळ लागत होता.

"शिंक नव्हती," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

ते उतरले. हेल्मेट काढून आरशावर अडकवलं, खिशातून आकडीचा पाना काढला आणि पुठ्ठा न अंथरताच खाली बसले.

"तुझ्या एकटीसाठी लावून देतो. वजन किती तुझं?"

मी सांगितलं. एकसष्ट.

त्यांनी कड्याकडे पाहिलं, मनात काहीतरी मांडलं. मग पाना तसाच खिशात परत ठेवला.

"मग आहे ती बरोबर आहे," ते म्हणाले. "एकट्या माणसाची खाच हीच."