सुनीताच्या काचा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली तेव्हा तिच्या लेखी मी एक सरळ माणूस होतो. किती वर्षं लिहायला बसलो आणि उठलो. कधी डोळ्यांचं निमित्त, कधी पाहुण्यांचं. आता हर्सूलच्या या घरात निमित्तंही उरली नाहीत.

तुम्ही मला ओळखत असाल तर सौरऊर्जेवर काम केलेला माणूस म्हणून. काचेवर पिवळा पातळ थर चढवायचा, ती द्रावणात बुडवायची, उजेड पाडला की वीज मिळते – एवढ्यावर माझी हयात गेली. असे थर उजेडात हळूहळू विरघळतात, हे या कामाचं जुनं दुखणं. माझा थर विरघळत नाही, असं मी छापलं होतं. शाली आल्या, सत्कार झाले. खोटं होतं का ते? तेव्हा तरी मला तसं वाटत नव्हतं. मी दहा मिनिटं दिवा लावायचो, आकडे घ्यायचो, बंद करायचो. दहा मिनिटांत काय विरघळणार?

सुनीता माझ्याकडे पीएच.डी. करत होती. लासूर स्टेशनची, बौद्ध घरातली. वडील मोंढ्यात हमाल. आमच्या कामात काच धुणं म्हणजे सोवळंच – आधी आम्ल, मग पाणी, मग पुन्हा पाणी. बोटाचा ठसा राहिला तरी थर नीट बसत नाही. त्या आम्लानं तिची बोटं पिवळी पडलेली असायची. प्रयोगशाळेतले मदतनीस रशीदभाई चिडवायचे, "क्या बेटा, हळद लागली? हमकू दावत नहीं?"

"व्हय चाचा," ती म्हणायची, "काचेशीच लगीन लावलंय."

एके दिवशी तिनं सकाळी दिवा लावला आणि संध्याकाळपर्यंत बंदच केला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. मग वही माझ्यापुढं ठेवली. दुपारपासून वीज उतरत गेलेली. "सर, थर जातोय. खालची काच दिसायला लागली." पुन्हा कर, म्हणालो. तिनं तीनदा केलं. तीनदा तेच.

त्यानंतर तिचं काम तपासणारी समिती बसली. तिनं तो आलेख लावला. बाहेरचे दोन प्राध्यापक माझ्याकडं बघू लागले. मी हसलो – हो, हसलो – आणि म्हणालो, "हिच्या काचाच स्वच्छ नसतात हो. किती वेळा सांगितलं."

बस, एवढंच. पुढं कुणी काही विचारलं नाही. माझ्या आडनावाचा माणूस तिच्या आडनावाच्या मुलीच्या स्वच्छतेबद्दल बोलला की त्या खोलीत पुरावा मागत नसत. हे मला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. दिवा बिघडला, तार सैल होती – कारणं काय कमी होती? मी नेमकं तेच निवडलं. तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं आणि हात ओढणीखाली घेतले.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याची समजण्यात चूक झाली असेल. नाही. समितीच्या आधीच्या रविवारी मी गुपचूप रशीदभाईंना प्रयोगशाळा उघडायला लावली होती. काचा माझ्या हातानं धुतल्या. "क्या सर, मेरी नौकरी खाते क्या?" रशीदभाई हसत होते. दिवा दिवसभर चालू ठेवला. संध्याकाळी काच जवळजवळ उघडी पडली होती. ती मी फोडून कचऱ्यात टाकली. आणि मग समितीत जाऊन ते वाक्य बोललो.

सुनीता दोन महिन्यांत यायची बंद झाली. पीएच.डी. राहिली. मी विभागप्रमुख झालो. माझा तो लेख अजून तसाच आहे.

गेल्या वर्षी कळलं, ती लासूरलाच शाळेत विज्ञान शिकवते. तिची वही माझ्या कपाटात होती. ती पिशवीत घातली आणि गेलो. वर्गात ती पोरांकडून परीक्षानळ्या धुऊन घेत होती. एकेक नळी खिडकीशी धरून बघायची, परत पाठवायची. मला पाहून बाहेर आली.

"सर! इकडं कसं काय? बसा, चहा सांगते."

"एका लग्नाला आलो होतो," मी म्हणालो. या वयातही खोटं किती पटकन सुचतं!

चहा आला. कपात ओतण्याआधी तिनं माझा कप नळाखाली पुन्हा एकदा धुतला. माझ्यासमोर, नीट, आतून-बाहेरून. चहा संपला, तब्येतीची चौकशी झाली. वही पिशवीतच राहिली, अजून आहे.

परतीच्या गाडीत, पोटूळ स्टेशन मागं पडल्यावर, ओठ हलले. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. जे शाळेत सुनीतासमोर निघालं नाही ते एवढंच होतं –

सुनीता, तुझ्या काचा स्वच्छ होत्या. आणि मला ते माहीत होतं.