पुऱ्या होईपर्यंत आभार

आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात आभारप्रदर्शन म्हणजे पुऱ्या तळून होईपर्यंत लोकांना खुर्च्यांवर बसवून ठेवणं. हे मला कळायला एक अख्खा गणेशोत्सव खर्ची पडला.

हे काम वर्षानुवर्षं माझ्या पप्पांकडे होतं. पप्पा रेल्वेत गार्ड. भुसावळहून बदली होऊन इथे आले आणि निवृत्त झाल्यावर इथल्याच मानसरोवर भागात राहिले. घरी मोजकं बोलणारा माणूस, पण माईक हातात आला की मंडपवाल्यापासून चपलांवर लक्ष ठेवणाऱ्यापर्यंत कोणालाही सोडायचा नाही. नियम एकच, घरच्यांचे आभार मानायचे नाहीत. "घरच्यांच्या ऋणातच राहायचं असतं," असं म्हणून ते पुढच्या माणसाकडे वळायचे. घरची म्हणजे आई. ती त्या वेळी हॉलच्या मागच्या स्वयंपाकघरात घामाघूम होऊन पुऱ्या तळत असायची.

मग पप्पांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण पाणी मागायला जायचे आणि तोंडातून 'पंखा' निघायचं. पंखा लावला की आणखी चिडायचे.

गणपती जवळ आले तेव्हा मंडळाचे सेक्रेटरी काका घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "भाऊ, यंदा आभाराचं दुसऱ्या कोणाकडे देऊ या. तुम्ही आराम करा." पप्पांनी जोरात मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. मी जयपूरलाच जन्मले. माझं मराठी तुटकं, आणि ऑफिसच्या मीटिंगमध्येही मी कॅमेरा बंद ठेवून गप्प बसणारी. पण पप्पा रेल्वेचे. जागा जाऊ द्यायची नसेल तर रुमाल टाकायचा, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो रुमाल म्हणजे मी. काम एकदा दुसऱ्याकडे गेलं की ते पप्पांकडे परत येणार नाही, आणि मग ते बोलायचा प्रयत्नही सोडून देतील, ही भीती मला आणि आईला दोघींनाही होती. म्हणून मी हो म्हणाले.

त्या वर्षी मी माईकसमोर उभी राहिले, म्हणाले, "सगळ्यांचे मनापासून आभार, मतलब, धन्यवाद," आणि खाली उतरले. मला ते फार आटोपशीर वाटलं. लोक खूश होऊन उठले आणि ताटं घेऊन रांगेत उभे राहिले. आत तेल नुकतं तापायला ठेवलं होतं. रांग बराच वेळ हलली नाही. सेक्रेटरी काका म्हणाले, "बेटा, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

घरी आल्यावर आईने विचारलं, "मी झारा दाखवला होता का तुला?"

"कुठला झारा?"

तेव्हा उलगडा झाला. शेवटचा घाणा निघाला की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन झारा वर करायची. तो दिसला की पप्पा 'शेवटी' म्हणायचे आणि भाषण संपवायचे. इतकी वर्षं ते बोलताना लांब कुठेतरी बघायचे. मला वाटायचं, विचारात बुडाले आहेत.

मग आमची दोघांची शाळा सुरू झाली. पप्पांना बोलायला शिकवणाऱ्या मॅडम हिंदीतून शिकवायच्या, चित्रांची कार्डं दाखवून. आईने त्याच कार्डांच्या मागे मराठी शब्द लिहिले. रोज चहानंतर एक कार्ड पप्पांचं आणि एक वाक्य माझं. मी 'मतलब' म्हटलं की पप्पा टेबलावर काठी आपटायचे. स्वतः 'मंडप'वर अडले की कार्ड भिरकावून द्यायचे. ते हटकून सोफ्याखाली जायचं. आम्ही कोणी उचलायला गेलो तर हात झटकायचे. मग जरा वेळाने स्वतःच खाली वाकून, काठीने ते कार्ड ओढून काढायचे आणि पुन्हा 'मं' पासून सुरुवात करायचे. जिद्द हा शब्द मी ऑफिसच्या भिंतीवर पोस्टरात वाचला होता. सोफ्याखाली काठी घालणाऱ्या माणसासमोर मला 'उद्यापासून नको' म्हणायची लाज वाटायची.

दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी काकांना मी गळ घातली. झोटवाड्याच्या मंडपवाल्याचे आभार दोनदा मानले गेले आणि खजिनदारांचे राहूनच गेले. ते बरेच दिवस रुसून होते. पण झारा दिसेपर्यंत मी बोलत राहिले. भाषण छान झालं असं कोणीच म्हणालं नाही. पुऱ्या गरम होत्या असं सगळे म्हणाले.

यंदा मला जमलं. खजिनदारांचे आभार सुरुवातीलाच मानून टाकले. झारा वर झाला, मी 'शेवटी' म्हणाले, आणि पहिल्या रांगेत पप्पा काठी टेकत उठले. हळूहळू माझ्यापर्यंत आले आणि हात पुढे केला. मी माईक दिला.

अर्धवट उठलेले लोक पुन्हा बसले.

"मं..." पप्पा म्हणाले. थांबले. कोणीतरी ताटं वाजवली. मला वाटलं, आता माईक भिरकावतात. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आई झारा वर धरून उभीच होती.

"पुऱ्या," ते म्हणाले. मग बराच वेळ गेला. "हिच्या. इतकी वर्षं." पुन्हा अडले. ओठ नुसते हलत होते. "हिचे... आभार."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"आता मला परकी करता का हो?" आई दारातून ओरडली. "चला, गार होतंय सगळं." पण झारा खाली घ्यायचं तिला सुचलं नाही.

लोक टाळ्या वाजवून उठायला लागले. मी माईक घ्यायला हात पुढे केला. पप्पांनी माईकशेजारच्या टेबलावर काठी आपटली. लोक बसले.

"मं," पप्पा म्हणाले. त्यांचा मंडपवाला अजून राहिला होता.